गोवा शहर पायाखाली घातलं आणि पोर्तुगिजांचं बिंग फोडलं, त्या लिन्शोटेनची गोष्ट

साल १६६०. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता आणि शिवाजी महाराज गडावर अडकले होते. या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज व्यापारी तोफा आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला आले. स्वतःचं निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. पुढे जुलैच्या पावसात महाराज वेढ्यातून निसटले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली आणि महाराज विशाळगडावर पोचले. मलकापूरहून विशाळगडाची वाट धरणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट तोंडपाठ असते.

पण या गोष्टीतला एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. हे इंग्रज राजापूरला आले कुठून?

कारण त्याआधी शंभर वर्षं या किनाऱ्यावर पोर्तुगीज सोडून दुसऱ्या कुठल्याच युरोपियन देशाची डाळ शिजत नव्हती. आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात यायचा समुद्री रस्ता पोर्तुगिजांना माहीत होता आणि तो त्यांनी जिवापाड लपवून ठेवला होता. वारे कधी फिरतात, कुठल्या खडकापासून लांब राहायचं, कुठल्या बंदरात मिरी स्वस्त मिळते, हे सगळं त्यांच्या नाखव्यांच्या वह्यांमध्ये बंद होतं.

या वह्या जगासमोर उघड्या केल्या एका डच तरुणाने. तो ना सेनापती होता, ना मोठा व्यापारी. गोव्यात तो कारकून होता. पाच वर्षं त्याने ते शहर पायाखाली घातलं, दिसेल ते टिपून घेतलं आणि घरी जाऊन पुस्तक छापलं. त्याचं नाव यान हायखेन व्हॅन लिन्शोटेन.

वेड प्रवासाचं, वय मिसरूड फुटायचं

लिन्शोटेनचा जन्म १५६३ च्या सुमाराचा, नेदरलँड्समधल्या हार्लेमचा. पण तो वाढला एन्कहाउझेन नावाच्या बंदरात. बंदरातल्या पोराला समुद्राचं वेड लागणार हे ओघानेच आलं. त्यात लांबच्या देशांची वर्णनं वाचायची त्याला भारी हौस.

मिसरूड फुटायच्या वयातच त्याने घर सोडलं आणि स्पेनमधलं सेव्हिल गाठलं. तिथे त्याचे सावत्र भाऊ व्यापार करत होते. काळ मोठा विचित्र होता. नेदरलँड्सने स्पेनच्या राजाविरुद्ध बंड पुकारलेलं आणि हा पोरगा त्याच राजाच्या मुलखात नोकरी शोधत होता. १५८० मध्ये स्पेनच्या फिलिप राजाने पोर्तुगालची गादीही मिळवली. लिन्शोटेन मग लिस्बनला आला.

तिथे त्याचं नशीब उघडलं. गोव्याचे नवे आर्चबिशप म्हणून व्हिसेंते दा फोन्सेका यांची नेमणूक झाली होती आणि त्यांना सोबत माणसं हवी होती. भावाच्या ओळखीने लिन्शोटेन त्यांच्या पदरी कारकून म्हणून लागला. ८ एप्रिल १५८३ ला जहाजं लिस्बनहून निघाली आणि साडेपाच महिन्यांनी, २१ सप्टेंबरला गोव्याला लागली. लिन्शोटेन तेव्हा जेमतेम विशीचा होता.

लिस्बनसारखंच शहर, फक्त नन नव्हत्या

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळी गोवा म्हटलं की आजच्यासारखं राज्य डोळ्यांसमोर येत नसे. गोवा म्हणजे मांडवीच्या काठावरचं एक शहर, ज्याला आपण आज जुनं गोवं म्हणतो. ते तिसवाडी बेटावर वसलेलं होतं. उत्तरेला बारदेश आणि दक्षिणेला साष्टी पोर्तुगिजांच्याच ताब्यात होती. पण पूर्वेला पाणी ओलांडलं की विजापूरच्या आदिलशहाचा मुलूख सुरू व्हायचा. फोंडा त्याचाच आणि त्यापलीकडे घाटमाथ्यावरचा आजचा बेळगाव-कोल्हापूरचा पट्टाही त्याचाच. पोर्तुगीज लोक या घाटावरच्या मुलखाला बालाघाट म्हणत.

लिन्शोटेनने शहर पाहिलं आणि त्याला लिस्बनच आठवलं. तसेच मठ, तशीच चर्चेस, तसेच घंटानाद. फक्त ननचा मठ तेवढा नव्हता, तो पुढे १७व्या शतकात झाला. शहराला तटबंदीचीही फारशी गरज नव्हती, कारण पाणीच तटबंदीचं काम करत होतं.

आर्चबिशपचा माणूस असल्यामुळे त्याला कुठलंच दार बंद नव्हतं. पत्रव्यवहार त्याच्या डोळ्यांखालून जायचा. नाखवे, अधिकारी, पाद्री, व्यापारी सगळे घरी यायचे. आणि काम संपलं की तो शहरात फिरायचा.

जिथून आपला लिलाव आला

शहराचा मुख्य रस्ता म्हणजे रुआ दिरैता, अर्थात सरळ रस्ता. रोज सकाळी सात ते नऊ, सुट्ट्या आणि सणवार सोडून, इथे बाजार उभा राहायचा. त्याला पोर्तुगीज लोक लैलांव म्हणत. आपण आज बैलांचा, गुळाचा, जप्त घरांचा जो लिलाव म्हणतो, तो शब्द याच पोर्तुगीज शब्दावरून आलेला आहे.

या लिलावात काय नसायचं? अरबी घोडे, मसाले, डिंक, अत्तरं, गालिचे, हिरेमाणकं. अंगावर सोन्याच्या साखळ्या आणि मोत्यांच्या माळा लटकवून पुकारे करणारे लोक गर्दीतून फिरायचे. कुणी पोर्तुगीज वारला की त्याच्या घरातलं सामानही इथेच विकायला यायचं, मग तो कितीही मोठा असो. आणि याच रांगेत माणसंही विकली जायची. गुलाम बाया, गुलाम पुरुष, लहान पोरं, सगळ्यांचा भाव ठरायचा. लिन्शोटेनने हे सगळं मिरीच्या भावासारखंच लिहून ठेवलंय. त्या काळच्या युरोपियन माणसाला त्यात वावगं वाटत नव्हतं, हे त्याच्या पुस्तकातून लख्ख दिसतं.

त्याच्या पुस्तकात या बाजाराचं मोठं चित्र आहे. छत्री धरलेले गुलाम, पालखी, घोडा, गर्दी. गोव्यावरच्या अनेक पुस्तकांत दिसणारं ते जुनं चित्र हेच.

चौघांत एकच भारी पोशाख

लिन्शोटेनची नजर खरी तेज होती ती लोकांच्या चालीबोलीवर. पोर्तुगीज साहेब रस्त्याने चालायचा तो अतिशय संथपणे, मान ताठ ठेवून. मागे एक गुलाम छत्री धरून, दुसरा तलवार घेऊन. बायका बंद पालखीतून जायच्या.

पण याच साहेबांमधले कित्येक जण साधे शिपाई होते आणि त्यांच्या खिशात दमडी नसायची. असे आठ-दहा जण एका घरात राहायचे आणि सगळ्यांत मिळून रेशमी पोशाख असायचे एक-दोन. एक जण तो घालून मिरवायला गेला की बाकीचे घरात बसून राहायचे. बाहेरून बडेजाव आणि आतून ठणठणाट.

वरच्या पातळीवरही हेच. व्हाइसरॉयची नेमणूक तीन वर्षांसाठी व्हायची. लिन्शोटेनने त्याचा हिशोब मांडलाय. पहिलं वर्ष घर सजवण्यात, दुसरं पैसा गोळा करण्यात, तिसरं सामान बांधून निघण्याच्या तयारीत. गडांचे किल्लेदार, जकातीचे अधिकारी, सगळ्यांची तीच तऱ्हा. राज्याचं काय होईल याची चिंता कुणालाच नाही. पोर्तुगिजांच्या दबदब्यामागचं हे पोकळपण त्याने जगाला सांगितलं आणि पुढे ते पोर्तुगिजांना सगळ्यात महाग पडलं.

शहर चालवणारे खरे लोक

राज्य पोर्तुगिजांचं असलं तरी शहराचा गाडा ओढत होते इथलेच लोक. लिन्शोटेनने गल्लीगल्लीचा तपशील दिलाय. एका रस्त्यावर खंबायतचे गुजराती वाणी, रेशीम आणि जडजवाहीर घेऊन बसलेले. दुसरीकडे दख्खनी व्यापारी, कापडाची ठाणं मांडून. सोनार, तांबट, सुतार यांच्या आपापल्या वेगळ्या गल्ल्या, आणि बापाचाच धंदा पोराने करायचा.

जवळपास प्रत्येक नाक्यावर सराफ बसलेला असायचा. नाणं हातात घेतलं की खरं-खोटं ओळखणारे हे लोक त्याला फार अजब वाटले.

आणि सगळ्यात गमतीची गोष्ट वैद्यांची. हिंदू धर्माचे सार्वजनिक विधी करायला बेटावर बंदी होती, देवळं पाडलेली होती, १५६० पासून इन्क्विझिशनही सुरू झालेलं होतं. पण आजारी पडल्यावर व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठातले पाद्री स्वतःच्या डॉक्टरपेक्षा हिंदू वैद्यावर जास्त भरवसा ठेवायचे. या वैद्यांना पोर्तुगिजांसारखी डोक्यावर छत्री धरून फिरायची मुभा होती. तो मान इतर हिंदूंमध्ये फक्त वकिलातीवर आलेल्यांना किंवा गडगंज व्यापाऱ्यांना मिळायचा.

आजारांच्या यादीत त्याने मोर्देशी नावाचा एक रोग लिहिलाय. पोट बिघडतं, उलट्या होतात, माणूस बघता बघता खंगतो. हा शब्द दुसरा कुठला नाही, आपल्याकडची मोडशीच. पोर्तुगिजांनी तो आपल्या लोकांकडून उचलला आणि लिन्शोटेनने तो युरोपात नेला.

शहराबाहेर, कुणब्याच्या दारात

शहरात फिरून झालं की तो शहराबाहेर जायचा. बेटाच्या कडेला पाणी ओलांडायच्या ठरावीक जागा होत्या, बाणस्तारीसारख्या. तिथे पहारा असायचा. भाजीपाला, धान्य आणायला पलीकडे जाणाऱ्या इथल्या माणसाच्या उघड्या दंडावर शिक्का उमटवला जायचा. परत येताना तो शिक्का दाखवायचा आणि वर दोन बझारुक, म्हणजे चिल्लर पैसे, मोजायचे. आपल्याच गावातून आपल्याच गावात यायला हा दंडावरचा शिक्का.

या पलीकडच्या मुलखाशी बेटावरच्या लोकांचं नातं तुटलेलं नव्हतं. देवळं पाडायला सुरुवात झाल्यावर भाविकांनी अनेक देव रातोरात पाणी ओलांडून आदिलशाही हद्दीत नेले होते. कुशस्थळीचा मंगेश तसाच फोंड्याला गेला आणि आजही तिथेच आहे.

शेतावरच्या लोकांना त्याने कोरुंबीन म्हटलंय. हे म्हणजे आपले कुणबी. माडांची राखण करणारे, भात लावणारे, मासे धरणारे हे लोक किती गरिबीत राहतात ते त्याने बारकाईने लिहिलं. गवताच्या झोपड्या, वाकल्याशिवाय आत जाता येणार नाही इतकं ठेंगणं दार, शेणाने सारवलेली जमीन.

असंच एकदा सोबत्याबरोबर रानातून चालत असताना त्याला तहान लागली. एका झोपडीच्या दारात वाकून त्याने पाणी मागितलं. आत एक बाई लाकडी पात्रातल्या पाण्याने तान्ह्या बाळाला धूत होती. तिने बाळाला केळीच्या पानावर ठेवलं आणि पाहुण्यांना थांबा म्हणाली, ताजं पाणी आणून देते. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हिने आत्ताच, कुणाच्याही मदतीशिवाय, या बाळाला जन्म दिलाय. लिन्शोटेनला ते पाणी प्यायचं धाडस झालं नाही, तो दुसऱ्या घरी गेला. नंतर ती घरात कामं करत फिरताना दिसली, जणू काही झालंच नाही.

या एका प्रसंगात लिन्शोटेन पुरता कळतो. एवढं जवळून पाहायचा, एवढं स्वच्छ लिहायचा, पण त्या बाईच्या हातचं पाणी मात्र पिऊ शकला नाही. इथल्या देवांबद्दल लिहितानाही त्याची भाषा तुच्छतेची आहे. मूर्ती म्हणजे त्याच्या लेखी सैतानच. त्यामुळे त्याचं पुस्तक वाचताना तपशील घ्यायचा आणि शेरे बाजूला ठेवायचे.

तपशील मात्र भरगच्च आहे. आंबा, फणस, केळी, विड्याचं पान, ब्राझीलहून आलेला अननस आणि काजू. माडाच्या झाडापासून काय काय होतं, त्याची तर लांबलचक यादीच. पावसाळ्यात नदीच्या तोंडाशी वाळू साचते आणि जहाजांची ये-जा बंद पडते. इथे धो धो पाऊस कोसळत असतो तेव्हा घाटापलीकडे दुसऱ्या किनाऱ्यावर मात्र कोरडं असतं. हे सगळं त्याने नोंदवलंय. भटकंती म्हणून ही मजेशीर माहिती आहे, पण जहाज घेऊन येणाऱ्यासाठी तीच सोन्यासारखी होती.

तुरुंगात चार इंग्रज

लिन्शोटेन गोव्यात आला त्याच वर्षी, १५८३ च्या शेवटी, शहरात चार इंग्रज कैदी आणले गेले. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी. होर्मुझला पोर्तुगिजांनी त्यांना हेर समजून पकडलं होतं.

त्यांच्या मदतीला धावलेल्यांमध्ये एक नाव आपल्या ओळखीचं आहे, फादर थॉमस स्टीफन्स. पुढे मराठीत क्रिस्तपुराण लिहिणारे हेच ते. हा माणूस १५७९ पासून गोव्यात होता. आर्चबिशपच्या घरातून लिन्शोटेनसारख्या तरुणांनीही त्यांच्यासाठी शब्द टाकला. शेवटी चौघे जामिनावर सुटले.

पण आपल्याला पुन्हा आत टाकणार अशी कुणकुण त्यांना लागली. स्टोरी मागे राहिला आणि बाकीचे तिघे १५८४ मध्ये सणाच्या दिवशी फिरायला जातो असं दाखवून पाणी ओलांडून पळाले. बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा करत ते थेट अकबराच्या फत्तेपूर सिक्रीला पोचले. लीड्स तिथेच राहिला. न्यूबेरी परत निघाला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. फिच मात्र ब्रह्मदेश, मलाक्का फिरून १५९१ मध्ये लंडनला परतला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याचा सल्ला घेतला. त्यांच्या पलायनाची गोष्ट लिन्शोटेनने आपल्या पुस्तकात सविस्तर लिहिली आहे.

घरी परतायला लागली चार वर्षं

१५८७ मध्ये आर्चबिशप राजाकडे गाऱ्हाणी मांडायला लिस्बनला निघाले. लिन्शोटेन मागे थांबला. पुढच्या वर्षी बातमी आली की आर्चबिशप वाटेतच वारले. आधार गेला. लिन्शोटेनने परतायचं ठरवलं.

जानेवारी १५८९ मध्ये तो कोचीनहून सांताक्रूझ नावाच्या जहाजाने निघाला, तेही जर्मनीच्या फुगर आणि वेल्सर या बड्या सावकारांच्या मिरीचा हिशोबनीस म्हणून. याच जहाजावर त्याच्याच गावचा डिर्क खेरित्स होता. तो चीन-जपान पाहून आलेला, त्यामुळे गावात त्याचं नावच चायना पडलं. वाटेतल्या गप्पांमधून लिन्शोटेनला पूर्वेकडची खडान्‌खडा माहिती मिळाली.

अटलांटिकमधल्या अझोर बेटांपर्यंत जहाज आलं आणि तिथे अडकलं. इंग्रजांची जहाजं टपून बसलेली. त्यात मलाक्काहून आलेलं एक जहाज बेटाजवळ बुडालं आणि त्यातला माल बाहेर काढण्याच्या कामावर देखरेख करायला लिन्शोटेन थांबला. दोन वर्षं गेली. हा वेळ त्याने नाखव्यांकडून समुद्री मार्गांच्या टिपणांचा साठा वाढवण्यात घातला. सप्टेंबर १५९२ मध्ये तो एन्कहाउझेनला पोचला. घर सोडून एक तप उलटून गेलं होतं.

पुस्तक छापलं आणि समुद्र खुला झाला

गावात पालुदानुस नावाचा विद्वान डॉक्टर होता. जगभरातल्या वस्तू, शिंपले, बिया जमवायचा त्याला नाद. त्याने लिन्शोटेनच्या लिखाणाला टिपणं जोडली. ॲमस्टरडॅमचा प्रकाशक कोर्नेलिस क्लास पुढे आला.

समुद्री मार्गांचा भाग आधी, १५९५ मध्ये छापला गेला. त्याच वर्षी कोर्नेलिस डी हाउटमन चार जहाजं घेऊन पूर्वेकडे निघाला आणि लिन्शोटेनची माहिती त्याच्यासोबत होती. लिन्शोटेनचा सल्ला साधा होता. पोर्तुगिजांचा जोर मलाक्काला आहे, तिकडे जाऊच नका. सुमात्राच्या दक्षिणेने सुंदा सामुद्रधुनीतून जावाला जा, तिथे ते फारसे फिरकत नाहीत. डच जहाजं १५९६ मध्ये जावातल्या बांतामला पोचली. प्रवास फार जीवघेणा ठरला, गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं परत आलीच नाहीत. पण रस्ता सापडला.

१५९६ मध्ये पूर्ण पुस्तक आलं. नाव इतिनेरारिओ, म्हणजे प्रवासवर्णन. त्यात गोवा शहराचा मोठा नकाशा होता, बाजाराची, पालखीची, शेतकऱ्यांची चित्रं होती. १५९८ मध्ये त्याचं इंग्रजी आणि जर्मन भाषांतर झालं, पुढच्या वर्षी लॅटिन. १६०० च्या शेवटच्या दिवशी लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. १६०२ मध्ये डच कंपनी उभी राहिली.

एका पुस्तकामुळे कंपन्या निघाल्या असं म्हणणं अर्थात चुकीचं ठरेल. पैसा होता, जहाजं होती, स्पेनशी वैर होतं आणि लिस्बनहून मसाला मिळणं अवघड झालं होतं. पण जायचं कुठून, उतरायचं कुठे आणि समोरचा शत्रू आतून किती पोखरलेला आहे, हे एका जागी वाचायला मिळालं ते लिन्शोटेनमुळे.

मग तो हेर होता का?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याला कुणी मुद्दाम गोव्याला पाठवलं होतं असं दिसत नाही. तो गेला तो नोकरीसाठी आणि जग बघायच्या हौसेने. आर्चबिशपबद्दल त्याने आदरानेच लिहिलंय. पण ज्या घराचं मीठ खाल्लं त्याच घरात कानावर पडलेल्या गोष्टी त्याने शत्रूच्या हाती दिल्या, हेही खरं. पोर्तुगिजांच्या नजरेतून तो गद्दार आणि डचांच्या नजरेतून देशाचा उपकारकर्ता.

त्याला स्वतःला मात्र पुन्हा हिंदुस्थान दिसला नाही. १५९४ आणि १५९५ मध्ये तो उत्तर ध्रुवाकडून चीनला जायचा रस्ता शोधायला दोनदा गेला. बर्फाने दोन्ही वेळा वाट अडवली. मग लग्न करून तो एन्कहाउझेनलाच स्थिरावला आणि गावाचा खजिनदार झाला. ८ फेब्रुवारी १६११ ला तो वारला. वय पन्नासही नव्हतं.

त्याचा फटका कोकणाला आणि घाटाला

तो गेला, पण त्याने दाखवलेल्या वाटेने जहाजं येतच राहिली. इंग्रजांनी १६१३ मध्ये सुरतेला वखार घातली. डचांनी १६३७ मध्ये गोव्याच्या उशाशी वेंगुर्ल्याला बस्तान बसवलं आणि त्याच सुमारास मांडवीच्या तोंडाशी गोव्याची नाकेबंदी सुरू केली. मलाक्का १६४१ मध्ये गेलं, कोचीन १६६३ मध्ये. पोर्तुगिजांकडचं एकेक ठाणं डचांनी हिसकावलं.

१७व्या शतकाच्या मध्यावर इंग्रज राजापूरला आले. राजापूर बंदरातला माल अणुस्कुरा घाटाने वर चढायचा आणि हा घाट चढून आलं की आपण पोचतो आजच्या शाहूवाडी तालुक्यात, म्हणजे मलकापूरच्याच भागात. समुद्रावरची ही भांडणं घाटमाथ्यापासून लांब नव्हती ती अशी. याच राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन १६६० मध्ये पन्हाळ्याला तोफा घेऊन आला. महाराजांनी ते विसरलं नाही. १६६१ मध्ये राजापूरवर छापा घालून इंग्रजांची वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना कैदेत टाकलं.

त्याचं शहर आज पायी बघायचं तर

साथीच्या रोगांनी जुनं गोवं हळूहळू रिकामं झालं. व्हाइसरॉय १८व्या शतकात पणजीकडे सरकले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. घरं पडली, दगड लोकांनी नेले, उरली ती चर्चेस. १९८६ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं.

पणजीहून साधारण १० किलोमीटरवर हे सगळं आहे आणि निम्म्या दिवसात चालत बघून होतं. सुरुवात मांडवीच्या धक्क्यावरून करायची, कारण लिन्शोटेनही नदीतूनच शहरात आला होता. धक्क्यावरून वर आलं की व्हाइसरॉयची कमान लागते. ती मात्र त्याने पाहिलेली नाही, १५९९ ची आहे. बाँ जीझस चर्चही तो गेल्यानंतरचं. से कॅथेड्रलचं बांधकाम त्याच्या काळात चालू होतं, ते १६१९ मध्ये पुरं झालं.

त्याने पाहिलेलं काही बघायचं असेल तर तीन ठिकाणी थांबा. सेंट काजेतान चर्चच्या आवारातली दगडी चौकट, जी आदिलशहाच्या वाड्याची होती आणि त्याच्या काळी व्हाइसरॉय त्या वाड्यात राहायचा. सेंट पॉल कॉलेजची उरलेली एकटी कमान. आणि टेकडीवरचं रोझरी चर्च, जिथून मांडवीचं पात्र लांबवर दिसतं.

कमानीतून आत जाणारा रस्ता म्हणजेच त्याचा रुआ दिरैता. दोन्ही बाजूंना आता झाडी आणि हिरवळ आहे. सराफ, वाणी, तांबट, छत्रीवाले वैद्य आणि लिलावात उभी केलेली माणसं यातलं तिथे काहीच उरलेलं नाही. कुठली गल्ली कुठे होती हे बघायचं असेल, तर आजही लिन्शोटेनच्या पुस्तकातला नकाशाच उघडावा लागतो.